ठकीचे दाणे आणि बाकीच्यांचा ससा

आमच्या घरात तीन फेरेट आहेत. त्यातले दोघं, गोट्या आणि चिंगी, आता पूर्णपणे कच्च्या मांसावर आहेत. तिसरी, ठकी, दाणे (पाकिटात मिळणारं कोरडं तयार खाणं) खाते आणि जोडीला मांसाचं कोमट सार पिते. असं का, हे मी आजवर अनेकांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आले. इथलं, इंग्लंडमधल्या लीड्समधलं, कुणी घरी आलं की विचारतं, साताऱ्याहून मावशी फोनवर विचारते, "तुझ्या त्या मुंगसांना घालतेस तरी काय गं?" म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. ज्यांच्या घरी फेरेट आहेत आणि जे दाण्यांवरून मांसावर जायचा विचार करताहेत, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

ज्यांनी फेरेट पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लांबट अंगाचा, आखूड पायांचा, पाणमांजराच्या कुळातला हा प्राणी. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसानं दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी तो माणसाळवला, तोही सशांची बिळं रिकामी करायला. बेलिॲरिक बेटांवर सशांनी पिकं फस्त केली तेव्हा तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्य मागितल्याचं प्लिनीनं लिहून ठेवलंय, आणि सशांमागे बिळात सोडायच्या अशाच प्राण्याचा उल्लेखही त्यानं तिथेच केलाय. म्हणजे याचं खाणं काय, हा प्रश्न खरं तर तेव्हाच सुटलेला होता.

मी कच्च्या मांसाकडे वळले ती भिकूमुळे. भिकू आमचा पहिला फेरेट, रेस्क्यू सेंटरमधून आणलेला. आला तेव्हाच दाण्यांवर वाढलेला होता, आणि आम्हीही चांगल्यातले चांगले दाणे आणून घालत होतो. पाचव्या वर्षाच्या आसपास तो खेळता खेळता मध्येच थांबून शून्यात बघायला लागला. मागचे पाय लटपटायचे. कधी लाळ गळायची आणि पुढच्या पंजांनी तो स्वतःचं तोंड खरवडत बसायचा, जणू दातात काही अडकलंय. अडकलेलं काही नव्हतं. रक्तातली साखर उतरली की फेरेटला मळमळतं आणि तो असं करतो. निरोगी फेरेटची साखर लिटरमागे साधारण ५ ते ७ मिलिमोल असते, भिकूची ३.३ च्याही खाली गेली होती. इन्सुलिनोमा. स्वादुपिंडात बारीक गाठी होतात, त्या गरज नसताना इन्सुलिन सोडत राहतात. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या फेरेटना हा आजार बऱ्यापैकी होतो. प्रेडनिसोलोन हे औषध सुरू झालं, दर तीन-चार तासांनी खायला घालायचं, रात्री गजर लावून उठायचं. त्यानं साथ चांगली दिली, पण तो गेलाच.

त्याच्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं होतं, की हे दाण्यांमुळे झालं का? त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितलं की तसं सिद्ध झालेलं नाही. पिष्टमय खाणं वारंवार पोटात गेलं की स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा इन्सुलिन सोडावं लागतं आणि त्यातून पुढे गाठी होत असाव्यात, अशी एक शंका बरेच जण मांडतात. शंका म्हणजे पुरावा नव्हे. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण कच्च्या मांसाचे कट्टर समर्थक "दाणे म्हणजे विष" असं बोलतात आणि ज्यांचा फेरेट नुकताच गेलाय त्यांच्या काळजात ते वाक्य सुरीसारखं जातं. दाण्यांवर सात-आठ वर्षं आनंदात जगलेले फेरेट मी पाहिलेत.

पण शंका मनात रुजली ती रुजलीच. मग मी वाचत गेले, आणि जे ठाम माहीत आहे तेवढंच माझ्यासाठी पुरेसं ठरलं. फेरेट शंभर टक्के मांसाहारी. माणसाच्या पोटात जसं लहान आतडं, मग सीकम म्हणजे आतड्याची छोटी पिशवी, मग मोठं आतडं, तसं याच्याकडे नाही. सीकम मुळातच नाही आणि आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. धान्य, डाळ, भाजीचा चोथा यावर काम करायला तिथे ना वेळ आहे ना यंत्रणा. त्याला हवी भरपूर प्रथिनं, तीही प्राण्याची, भरपूर चरबी, आणि टॉरिन हे मांसात मिळणारं पोषक द्रव्य. आता दाण्यांची गोष्ट अशी की ते बनतात एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात, आणि पीठ फुगून त्याचा दाणा बांधला जायला स्टार्च लागतोच. तांदूळ काढा, मका काढा, त्याजागी वाटाणा किंवा बटाटा येतो. पाकिटावर "ग्रेन फ्री" लिहिलं म्हणजे स्टार्च गेला असं होत नाही. हे कळल्यावर पाकिटामागची यादी वाचायची माझी पद्धतच बदलली.

शेजारच्या आजोबांचं मत याहून सोपं होतं. ते जन्माचे यॉर्कशरचे, तरुणपणी कोळशाच्या खाणीत होते, आणि खाणकामगारांच्या वस्तीत त्या काळी परसात फेरेट असायचेच. रविवारी शेताच्या बांधावर जाऊन ससे धरायचे. ते म्हणाले, "आमच्या वडिलांचे फेरेट दूध-पाव खायचे आणि रविवारी सशाचं काळीज. दूध-पावानं त्यांना कायम हगवण. सोमवारी मात्र अगदी ठणठणीत!" दूध-पाव घालायची ही रीत इंग्लंडमध्ये खूप काळ होती, गरिबीतून आलेली. त्या तुलनेत दाणे आले ही सुधारणाच म्हणायची.

आता मूळ अडचण. फेरेटला वाटतं की जे लहानपणी खाल्लं तेच अन्न, बाकी सगळं निव्वळ वस्तू. राइमुंड अप्फेलबाख या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय. जन्मानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पिल्लाच्या नाकाला ज्या शिकारीचा वास मिळतो, तोच पुढे त्याच्या लेखी खाण्याचा वास ठरतो. ती वेळ गेली की मोठ्या फेरेटपुढे ताजा ससा ठेवा, तो हुंगेल, ओलांडून जाईल आणि दाण्यांच्या रिकाम्या वाटीपाशी जाऊन बसेल. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. रक्तात शिकार असलेला प्राणी, आणि समोरचं मांस त्याला दगडासारखं.

"भूक लागली की खाईल" हा सल्ला इथे कुणी दिला तर ऐकू नका. कुत्र्याला चालतं ते याला चालत नाही. इतक्या आखूड आतड्याचा प्राणी दिवसभर उपाशी राहिला तर साखर उतरते, आणि आत कुठे लपलेला इन्सुलिनोमा असेल तर जिवावर बेततं. म्हणून सुरुवात करण्याआधी मी तिघांची रक्ततपासणी करून घेतली आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा कायमचा त्यांच्या नावावर केला.

गोट्यानं काहीच त्रास दिला नाही. तो आमच्याकडे आला तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता. कोंबडीच्या मांडीचा तुकडा समोर ठेवला, त्यानं तो उचलला, मान एका बाजूला कलती केली, डोळे अर्धे मिटले आणि मागच्या दातांनी कचाकचा कापायला लागला. फेरेटचा जबडा फक्त वर-खाली होतो, आपल्यासारखा आडवा फिरत नाही, त्यामुळे रवंथ किंवा चघळणं नाही. कात्रीसारखं कापायचं आणि गिळायचं. तो पहिला तुकडा खाताना त्याच्या गालाची हालचाल मी अगदी जवळून पाहिली. दाणा खाताना ती कधी दिसली नव्हती. दाणा एक तर फुटतो नाहीतर तसाच आत जातो.

चिंगीनं मात्र माझी परीक्षा पाहिली. दीड वर्षाची, ठाम मतांची. तिच्यासाठी सार करावं लागलं. इथले फेरेटवाले त्याला "सूप" म्हणतात. माझं प्रमाण देते, एक किलोच्या हिशेबानं: कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस ७०० ग्रॅम, हृदय २०० ग्रॅम, कलेजी ५० ग्रॅम, गुर्दे ५० ग्रॅम, आणि उकळून वाळवून मिक्सरला अगदी बारीक केलेली अंड्याच्या टरफलांची पूड ५ ते ६ ग्रॅम. टरफल कशासाठी, तर मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. रानात फेरेट हाडासकट खातो म्हणून हिशेब जुळतो. बिनहाडाचं घालायचं तर कॅल्शियम आपण द्यायला हवं. हृदय टॉरिनसाठी. कलेजी ५० च्या वर नाही, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं आणि जास्त झालं की हाडं दुखावतात. सगळं पाणी घालून पातळ वाटायचं, बर्फाच्या साच्यात ओतून गोठवायचं, लागेल तसे ठोकळे काढायचे. मायक्रोवेव्हला लावायचं नाही, त्यात कडेचं शिजतं आणि मधलं गारच राहतं. वाटी गरम पाण्यात ठेवून अंगाइतकं कोमट करायचं. गार मांसाला वास नसतो, आणि इथे सगळा खेळ वासाचा.

पहिल्या वेळी चिंगीनं वाटीला पाठ दाखवली. मग तिचेच दाणे दळून सारात मिसळले. सार थोडं, दाण्याची पूड जास्त, वास ओळखीचा. तेही तिनं हुंगून सोडलं. शेवटी बोटावर घेऊन तिच्या ओठाला लावलं. ओठ चाटणं तिच्या हातात नव्हतं. एकदा चाटलं, नाक उडवलं, मान झटकली. परत लावलं, परत चाटलं. तिला मांडीवर धरून, मानेखाली एक हात ठेवून मी हे रोज करत होते, आणि दाण्यांची वाटी तिला दिवसभर मोकळी होती. मग एका संध्याकाळी बोट मागे घेतलं तर ती बोटामागे आली. बोट वाटीपर्यंत नेलं, तिथवर आली. वाटीत बुडवलं, तीही बुडाली, नाकपुड्यांपर्यंत. मी तसाच हात धरून बसले, पाठीला रग लागली तरी हलवला नाही.

त्यानंतरचं काम फक्त सबुरीचं होतं. दाण्याची पूड कमी करत नेली, पाणी कमी करत नेलं, सार घट्ट झालं, त्यात खिम्याचे कण आले, कणांचे तुकडे झाले. तुकड्यांना ती पुन्हा अडली, कारण तुकडा दातानं धरायचा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. इथे गोट्या कामाला आला. तो शेजारी बसून खायचा, आणि चिंगीला दुसऱ्याच्या तोंडचं ओढून घ्यायची भारी हौस. त्याच्या तोंडातला तुकडा तिनं ओढला, तो आवळून बसला, आणि त्या ओढाताणीत तिच्या दातांना मांस म्हणजे काय ते कळलं. पुढे कोंबडीच्या पंखाचं टोक, मग मान, मग सशाची बरगडी. हाड कायम कच्चं. शिजलेलं हाड सुळ्यासारखं फुटतं आणि आतडं फाडतं. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय, पाहुण्यांनासुद्धा.

हाड किती झालं ते लिटर ट्रे सांगतो. विष्ठा पांढरट, खडूसारखी भुगा होणारी दिसली तर हाड जास्त. काळी, सैल झाली तर हाड कमी, किंवा कलेजी जास्त. दाण्यांवर असताना ट्रे दिवसातून कितीदा साफ करावा लागायचा आणि तरी घरात वास राहायचा. आता विष्ठा निम्म्याहून कमी, गडद, आणि वास फार कमी. अंगाचा कस्तुरीसारखा वास मात्र असतोच, तो फेरेटचा स्वभाव आहे. मांसावर गेल्यानं तो पार नाहीसा होतो असं कुणी सांगत असेल तर माझ्या घरी तसं झालेलं नाही. केस मऊ झाले हे खरं. चिंगीच्या दातांवरची पिवळी पुटं गेली हेही खरं.

मांस कुठून आणायचं, हा प्रश्न लीड्समध्ये तसा अवघड नाही. कर्कगेट मार्केटमध्ये खाटकांची रांग आहे, तिथे कोंबडीची हृदयं, कोकराचं हृदय, गुर्दे, माना, सगळं मिळतं, आणि हंगामात रानससाही. कोल्हापूरच्या मटण मार्केटला वडिलांबरोबर गेलेल्या कुणालाही ती रांग परकी वाटणार नाही. मी स्वतः माळकऱ्यांच्या घरातली, मला मात्र मांसाच्या दुकानापुढे उभं राहायला इथे येऊन शिकावं लागलं. आता तिथला एक विक्रेता मला बघितलं की न विचारता हृदयं वेगळी काढतो.

रानसशाबद्दल एक गोष्ट शेजारच्या आजोबांनी शिकवली, ती पुस्तकात शोधून सापडली नसती. ससा बंदुकीनं मारलेला आहे का, हे आधी विचारायचं. छर्रे शिशाचे असू शकतात, आणि शिशाचे बारीक कण जखमेच्या आजूबाजूच्या मांसात दूरवर पसरतात, नुसते छर्रे वेचून भागत नाही. आठशे ग्रॅमच्या जिवाला तेवढं शिसंही नको. फेरेट बिळात सोडून, बिळाच्या तोंडाशी जाळी लावून धरलेला ससा असेल तर तो प्रश्नच नाही. असे ससे ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान मिळतात, कारण तेव्हा झाडोरा वाळलेला असतो, बिळं दिसतात आणि बिळात सहसा पिल्लं नसतात. म्हणजे माझे फेरेट जो ससा खातात तो दुसऱ्या कुणाच्या तरी फेरेटनं बाहेर काढलेला असतो. हे मला फार बरं वाटतं. रानससा मी उणे १८ अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवते, त्यानं पट्टकृमीच्या गाठी मरतात.

गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, लिस्टेरिया हे सगळे फ्रीझरमध्ये नुसते झोपून राहतात. फेरेटला त्रास होईलच असं नाही, पण घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर मी हा उद्योग करूच नका म्हणेन. पशुवैद्यांच्या संघटना कच्च्या मांसाच्या विरोधात बोलतात ते उगाच नाही. २०१८-१९ च्या सुमारास इथे ब्रिटनमध्ये घराबाहेर न पडणाऱ्या मांजरांना गोवंशीय क्षय झाला, आणि तपासाचा रोख हरणाच्या कच्च्या मांसाच्या तयार खाण्याकडे गेला. २०२४ मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लूचा विषाणू असलेलं टर्कीचं कच्चं खाणं खाऊन मांजर दगावलं. फ्लूच्या बाबतीत तर फेरेट मांजराहूनही नाजूक. माणसाचा फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना सापडला तो फेरेटच्याच मदतीनं, कारण आपला फ्लू यांना जसाच्या तसा होतो. म्हणून आमच्याकडे रानबदक, रानकबुतर, कुणाच्या परसातली कोंबडी, काहीही येत नाही. कोंबडी फक्त माणसांसाठी तपासून विकायला आलेली. बर्ड फ्लूच्या बातम्या वाढल्या की तीही सारात उकळून घालते आणि बाकी भर ससा आणि कोकरावर. हरीण मी घेतच नाही. आणि घरात कुणाला ताप-सर्दी असेल तर त्यानं पिंजऱ्यापाशी जायचं नाही.

घरातली व्यवस्था आईमुळे चांगली लागली. आई गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याहून राहायला आली. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणही एकादशीला वर्ज्य. ती यायच्या आधी माझ्या पोटात गोळा होता. मी गॅरेजमध्ये छोटा फ्रीझर घेतला, वेगळी पाटी, वेगळी सुरी, वेगळा मिक्सर, आणि खाणं घालायची जागा वरच्या मजल्यावर आंघोळीच्या टबात. टब का, तर फेरेटला अन्न दडवून ठेवायची ओढ जन्मजात. दाणे सोफ्यामागे दडवले तर चालून जातं. कलेजी दडवली तर तिसऱ्या दिवशी घर सांगतं. टबाच्या गुळगुळीत भिंती चढता येत नाहीत, खाऊन झालं की गरम पाणी आणि साबणानं सगळं धुऊन निघतं. वाटी मी दोन तासांपलीकडे ठेवत नाही, उन्हाळ्यात तर त्याहून कमी.

आईनं दोन दिवस लांबूनच पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाथरूमच्या दारात उभी राहिली. गोट्या सशाची तंगडी फोडत होता. मी म्हटलं, "आई, तुला त्रास होत असेल तर मी दार लावून घेते." ती म्हणाली, "मला कसला त्रास? देवानं त्याला जे दिलंय ते तो खातोय. माझ्या पातेल्याला तो हात लावू नकोस म्हणजे झालं." मग जरा वेळानं, "पण ज्याचा जीव गेला त्याचंही थोडं आठव गं." त्या दिवसापासून मी काही वाया घालवत नाही. सशाची फर, कान, आतडं सोडून सगळं वापरात. आणि मुद्दाम यांच्यासाठीच मारलेलं काही घेण्याऐवजी माणसांच्या बाजारात मागे पडणारी हृदयं, माना, गुर्दे यांच्यावर माझा भर असतो. अंड्यांच्या व्यवसायात जन्मताच मारली जाणारी नर पिल्लं इथे गोठवलेली मिळतात, ससाण्यांना आणि सापांना घालतात तीच. बरेच फेरेटवाले ती वापरतात, पोषणाच्या दृष्टीनं वाईट नाहीत. मी ती घेतली नाही, ते पाकीट हातात धरवलं नाही.

आता ठकी. ठकी सहा वर्षांची, भिकूबरोबरची, आयुष्यभर दाण्यांवर. तिच्यासाठी मी चिंगीला केलं ते सगळं केलं. बोटाला लावलेलं सार ती चाटायची, कारण ती भिडस्त आहे, पण वाटीतलं नाही. दाण्यांची पूड थोडीशी जरी कमी केली की तिचं खाणं निम्म्यावर यायचं. ७२० ग्रॅमची ठकी ६५० वर आली. फेरेटचं वजन ऋतूप्रमाणे हलतं, हिवाळ्याआधी अंगावर चरबी चढते आणि वसंतात उतरते, पण हा उतार ऑक्टोबरमधला होता, जेव्हा काटा वर जायला हवा. त्याच दिवशी मी तिचे दाणे पूर्ववत केले.

इथे मला कच्च्या मांसाच्या मंडळींकडून खूप ऐकून घ्यावं लागलं. अजून थोडं ताणून धर, मोडेल हट्ट, असं सगळे म्हणाले. मला ते पटत नाही. सहा वर्षांच्या फेरेटच्या आयुष्यात पुढे किती वर्षं असणार? त्यातले कितीतरी आठवडे तिनं भुकेल्या पोटी, न आवडणाऱ्या वाटीसमोर काढायचे, ते कशासाठी? ज्या आजाराच्या भीतीनं हे करायचं तो तिला एव्हाना झाला असेल तर उपाशी ठेवणं हेच सगळ्यात घातक. साखर दर काही महिन्यांनी तपासतो, अजून ५ च्या वर आहे. तिचे दाणे मी बदलले, त्यातल्या त्यात जास्त मांसाचे आणि कमी स्टार्चचे आणले, आणि रात्री झोपताना सार देते. तिच्या सारात दाण्याची पूड अजूनही निम्म्याला निम्मी असते. ते ती शेवटच्या थेंबापर्यंत पिते.

सुरू करणार असाल तर पिल्लू असतानाच करा, सगळ्यात सोपं तेच. फेरेट मोठा असेल तर आधी रक्त तपासा, मग दर दोन-तीन दिवसांनी वजन करा, आणि दहा टक्के उतरलं की थांबा, कुणी काही म्हणो. फेरेट कळणारा डॉक्टर आधी गाठून ठेवा. सगळ्यांना हा प्राणी माहीत नसतो. एकाच प्राण्याच्या मांसावर अडकू नका, कोंबडी खाणाऱ्याला ससा, कोकरू, अधूनमधून एखादं अंडं, असं फिरवत राहा, नाहीतर त्या नाकाला पुन्हा एकाच वासाची सवय लागते आणि बाजारात ती वस्तू नसली की पंचाईत.

ठकी परत ७१० वर आली आहे. तिचे दाणे बंद करायचा विषय आमच्या घरात संपला.